रविवारच्या अंड्याचा सौदा

आमच्या समोरच्या दारातल्या काकांनी मला फसवलं. ठरलं होतं ते असं, की श्रावण संपेपर्यंत दर रविवारी एक उकडलेलं अंडं त्यांनी आमच्या मांजरीला घालायचं. त्यांनी रोज दोन अंड्यांचं पिवळं घातलं, आणि मांजरी त्यांच्या घरची झाली. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट त्या दारात गेली. माझी खरी तक्रार त्या गोष्टीची आहे.

माझा पावणे गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत मोटार रिवाइंडिंगचा गाळा आहे. जळलेल्या मोटारी येतात, आम्ही जुनी तार काढून नवी भरतो. सातारा भागातून एकोणिसाव्या वर्षी आलो तेव्हा त्याच रस्त्यावर दुसऱ्याच्या गाळ्यात जमिनीवर बसून तार गुंडाळत होतो. आज तीन कारागीर माझ्या हाताखाली आहेत. कळंबोलीच्या बाजारात भंगारातल्या मोटारी उचलायला गेलो की व्यापारी आधी चहा मागवतात, कारण बोलणं लांबणार हे त्यांना ठाऊक असतं. माझा आवाज चढतो, हे खरं. त्यापायी काही गिऱ्हाइकं तुटली, दोन चांगले कारागीर निघून गेले. पण मला कुणी ठकवलं असं त्या बाजारात फारसं कुणी सांगणार नाही. कोपरखैरण्यात, माझ्याच मजल्यावर, घरात घालायच्या चपलेत उभा असताना मी ठकलो.

मांजरी मुलीनं आणली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना पार्किंगमधून उचलून आणली, करड्या रंगाची, एका कानाला कापल्याची खूण. मी विरोध केला आणि हरलो. पुढे मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली. तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते, म्हणून मांजरी आमच्याकडे राहिली.

अंड्याची सवय मुलीनंच लावली. एकदा तिच्या ताटातला उकडलेल्या अंड्याचा अर्धा भाग मांजरीनं पंजानं खाली ओढला आणि फरशीवर चाटूनपुसून साफ केला. मुलीनं कुठेकुठे वाचून, विचारून नियम बनवला. अंडं आठवड्यातून एकदाच. पूर्ण उकडलेलं, गार केलेलं, मीठ-मसाला काही नाही. कच्चं कधीच नाही. रोजचं जेवण वेगळं, अंडं म्हणजे फक्त कौतुक. जाताना तिनं हे मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. कारागिराला काम समजलं का हे पाहायला मीही तेच करतो, त्यामुळे मला राग आला नाही.

मग रविवारी दहाला तिचा व्हिडिओ कॉल यायला लागला. मी अंडं सोलायचो, हातानं चुरायचो, स्टीलच्या ताटलीत ठेवायचो आणि फोन खाली धरायचो. मांजरी आधी पिवळं खायची. पांढऱ्याचा तुकडा ती नाकानं ढकलत ढकलत फ्रिजपर्यंत न्यायची आणि तिथे खायची. मुलगी तिकडून म्हणायची, "पप्पा, फोन हलवू नका. जरा डावीकडे. बघा, बघा, कशी चालली." दहा मिनिटं असं चालायचं.

या दहा मिनिटांचं महत्त्व इथेच सांगून टाकतो. माझं आणि मुलीचं एरवी जमत नाही. मी विचारतो खोलीचं भाडं किती, तू किती कमी करून घेतलंस, पगारवाढ मागितलीस की देतील ती घेतलीस. मला वाटतं मी शिकवतोय. तिला वाटतं मी झडती घेतोय. दोन वाक्यांत माझा आवाज चढतो आणि ती म्हणते, "आईला द्या फोन." मांजरी अंडं खात असताना मात्र आम्ही कधी भांडलो नाही. बोलायला समोर काहीतरी होतं.

आषाढ संपत आला तेव्हा बायको म्हणाली, "अमावस्येनंतर घरात अंडं नको. मांजरीचंही नको."

"मांजरीला कसला श्रावण?"

"मांजरीला नसेल. भांड्याला आहे. गॅसला आहे. मी रोज तिथे देवाचा नैवेद्य करते."

"वेगळं भांडं आणतो."

"वेगळा गॅस आणा, वेगळं घर आणा. तिथे काय उकडायचं ते उकडा."

बायकोशी मी घासाघीस करत नाही. तिच्याकडे सोडायला काही नसतं, त्यामुळे सौदाच होत नाही. मी समोरच्या दारात गेलो.

काका मूळ इथल्याच बोनकोडे गावचे. तिथलं घर त्यांनी पुतण्यांना दिलं आणि बायको गेल्यावर या फ्लॅटमध्ये एकटे राहायला आले. जन्मभर एका केमिकल कंपनीत नोकरी केली. मला ते शेट म्हणतात. मी शेट नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच म्हणतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या दारातून उकडलेल्या अंड्यांचा वास यायचा.

"काका, श्रावण पाळता का?" मी विचारलं.

"पालायचो. आता डाक्तरनी मना पाललाय. तो सांगल तो माजा श्रावन."

"रोज अंडं खाता?"

"दोन. सकाली."

इथे मी थांबून पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. मोटार घेताना मी कव्हर उघडून आत बघतो, वास घेतो, तार नखानं खरवडतो. इथे मी दोन हा आकडा ऐकला आणि मालाची खात्री झाली असं धरून चाललो.

"मग एक करा. श्रावणभर दर रविवारी आमच्या मांजरीला एक अंडं घाला. मीठ नको. गार करून. दहा वाजता."

काकांनी माझ्या पायाशी बसलेल्या मांजरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या दोन नजरांच्या मध्ये त्यांनी हिशोब केला, हे मला आज कळतं.

"आनि मना काय?" ते म्हणाले.

त्यांच्या हॉलमध्ये एक उंच दांड्याचा पंखा होता. दोन उन्हाळे तो फक्त गुणगुणायचा, फिरायचा नाही. मी म्हणालो, "तो पंखा नवा करून देतो. तांब्याची तार भरून."

"बेरिंग पन?"

"बेअरिंग पण."

"आनि जालीला रंग."

"रंग नाही. रंगाचं काम मी करत नाही."

"मंग रान्दे. तू काय ऐकाचा नाय." असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी रंगावर त्यांना अडवलं म्हणून खूश होऊन घरी आलो आणि बायकोला सांगितलंसुद्धा.

पंखा मी स्वतः भरला, कारागिराला दिला नाही. आजही तो आवाज न करता फिरतो.

पहिल्या रविवारी दहाला मी फोन घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. मांजरीनं अंडं खाल्लं. मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही कसे आहात?" काका कॅमेऱ्यात वाकून म्हणाले, "मी बरा हाय. तुजा बाप माज्या घरात मांजर घेवन आयलाय, भाडा देत नाय." ती हसली. ती माझ्याशी बोलताना अशी हसत नाही, हे मी तेव्हा फक्त नोंदवून ठेवलं.

श्रावण संपायला आला तेव्हा बायकोनं सांगितलं की अंडं आता गणपती गेल्यावरच. आमच्याकडे अनंत चतुर्दशीपर्यंत गणपती असतो. मी काकांना मुदत वाढवून मागितली. ते लगेच हो म्हणाले, बदल्यात काहीही मागितलं नाही. माणूस वाढीव माल फुकट देतो तेव्हा त्याच्या गोदामात काय पडलंय ते बघावं, असं मी दुसऱ्याला शंभर वेळा सांगितलं असेल.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मांजरी आमच्या दाराच्या जाळीत अडकली. दिवसा आमचं लाकडी दार उघडं असतं आणि बाहेरचं जाळीचं दार लावलेलं असतं. त्याच्या गजांमधून ती रोज आत-बाहेर करायची. त्या दिवशी डोकं आणि पुढचे पाय आत आले, पोट बाहेर राहिलं. आरतीला आलेले लोक दारात खोळंबले. मी मागून ढकललं तेव्हा तिनं मनगटावर ओरबाडलं. शेवटी ती मागे सरकली आणि समोरच्या घरात गेली. काकांचं दार सताड उघडं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर उशिरा गेलो. ती इतकी फुगली कशी ते पाहायला सकाळी आठला, आवाज नको म्हणून चप्पल न घालता, समोर गेलो. काका टेबलाशी बसून अंड्याचं पांढरं खात होते. खाली मांजरी होती आणि तिच्यापुढे बशीत दोन अख्खी पिवळी. वार बुधवार होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पिवला हाय."

"रोज घालता?"

"मंग काय करू? डाक्तरनी मना पिवला खावाचा नाय सांगलाय. निस्ता पांढरा. पयले फेकायचो. फेकताना जीवाला लागायचा रे. अन्न हाय."

"आपलं ठरलं होतं रविवारी एक."

"ता मी देतोच. रविवारी आख्खा देतो, पांढऱ्यासकट. इचार तिला."

माझा आवाज चढला. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, तुमच्याकडे रोज पिवळं उरतं हे तुम्ही सौद्याच्या वेळी लपवलंत. तुम्हाला ते खायला कुणीतरी हवंच होतं, आणि वर तुम्ही माझ्याकडून पंखा भरून घेतलात. काका पांढरा तुकडा संपवून म्हणाले, "शेट, तू इचारलास का? तू तं रविवारी एक पायजे म्हनलास. जास्त घालू नको असा बोललास काय?"

धंद्यात मी समोरच्याकडून कमीत कमी किती मिळेल ते पक्कं करून घेतो. जास्तीत जास्त किती, हे आयुष्यात कधी ठरवून घेतलेलं नाही, कारण ठरल्यापेक्षा जास्त दिलं म्हणून माझं नुकसान आजवर कुणी केलं नव्हतं. आणि शिल्लक माल लपवणं ही माझ्या धंद्यात फसवणूक नाही, हेही मान्य करतो. मी स्वतः केलेलं आहे. पण तो बाजार आहे. इथे दारासमोर दार आहे.

मी मांजरीला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी तिला काट्यावर ठेवलं, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं की ही खाते काय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, उकडलेलं अंडं वाईट नाही, पण अधूनमधून, थोडं. रोज दोन पिवळी म्हणजे नुसती चरबी. वजन उतरवा, नाहीतर पुढे सांधे आणि साखर, दोन्हींचा त्रास होईल. मी म्हणालो, हे कागदावर लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं.

तो कागद मी काकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "लठ्ठ कनची? खात्यापित्या घरची दिसते." मी कागद त्यांच्यापुढे तसाच धरून ठेवला. मग त्यांनी मांजरीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, की पिवळं बंद, रविवारचंही अंडं गणपती गेल्यावर शेटच्या घरी. मी मानलं. त्या दिवशी आम्ही चहासुद्धा घेतला.

गणपती गेल्यानंतरच्या रविवारी मी अंडं उकडलं. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून अर्धंच घालायचं ठरवलं होतं. सोललं, चुरलं, ताटलीत ठेवलं. जाळीचं दार उघडून ठेवलं. पावणेदहाला मी हाक मारली. मांजरी आली नाही. दहा वाजले, फोन वाजला नाही. सव्वादहाला मी ताटली हातात घेऊन बाहेर पॅसेजमध्ये आलो, आणि समोरच्या घरातून माझ्या मुलीचा आवाज आला.

"आजोबा, कॅमेरा खाली करा ना. तुमचं कपाळ दिसतंय."

"माजा कपाल काय वाईट हाय?"

"छान आहे, पण मला ती दाखवा."

मी आत गेलो. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता. मांजरी बशीत तोंड घालून होती. बशीत काय होतं ते सांगायला नको. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदार्थ झाकावा तसा बशीवर हात धरला.

मी फोनसमोर जाऊन विचारलं, "फोन इथे का लावलास?"

मुलगी म्हणाली, "मांजरी इथे असते म्हणून. आईनं आजोबांचा नंबर दिला."

"घरी लावला असतास तर मी इथे आणला असता फोन."

"आणला असता," ती म्हणाली. "आणि येता येता विचारलं असतं की या महिन्यात किती शिल्लक टाकलीस."

काका खिडकीबाहेर बघत होते. मी ताटली ओट्यावर ठेवली आणि निघून आलो. आरडाओरडा केला नाही. बायकोला याचं आश्चर्य वाटलं, तसं तिनं बोलून दाखवलं.

त्यानंतर मी मांजरीला घरात कोंडून पाहिलं. दीड दिवस ती दाराशी बसून ओरडली आणि बायकोनं दार उघडलं. गाळ्यावरचा माझा जुना कारागीर म्हणाला, साहेब, तुम्ही पण दोन घाला, येईल परत. माल खेचायला भाव चढवावा लागतो, हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती. पण हा भाव मी चढवणार नाही. त्यापायी मांजरीचे सांधे जातील. मी नियम पाळतो म्हणून हरतोय, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

गेल्या आठवड्यात जिन्यात काका भेटले. मी बाजूला होऊन वाट दिली. ते दोन पायऱ्या चढून थांबले, दम घेतला आणि म्हणाले, "पोर बंगलोरला चालली तं मांजर कवा नेनार? पिंजरा मोठा घ्या म्हनावं, आता ही त्यात मावाची नाय."

मी विचारलं, "कोण चाललंय बंगलोरला?"

ते एक पायरी खाली उतरले. मग म्हणाले, "तुला नाय ठाव?"

घरी आल्यावर बायकोला विचारलं. खरं होतं. मुलीला नवीन नोकरी लागली आहे, तिथल्या घरात प्राणी चालतात, पुढच्या महिन्यात येऊन ती मांजरीला घेऊन जाणार आहे. बायकोला शनिवारी कळलं होतं, ती मला माझा मूड बघून सांगणार होती. काकांना त्याच्या आधीच्या रविवारी कळलं होतं, अंडं खाऊन होता होता. मला माझ्या मुलीची बातमी जिन्यात मिळाली, आणि तीही मांजरीच्या पिंजऱ्याचं माप म्हणून.

मांजरी गेली की रविवारी दहाला फोन करण्याचं तिच्याकडे काही कारण उरणार नाही. इतकं मला कळतं. त्याबद्दल मी काकांना दोष देत नाही. ते कारण कधीतरी जाणारच होतं. पण जे रविवार शिल्लक होते ते माझे होते, आणि ते त्यांनी घेतले.

म्हणून मला त्यांच्याकडून उत्तर हवं आहे. पिवळ्याचं नको, त्यावर आमचं बोलून झालं आहे. इतके रविवार ते माझ्या मुलीशी बोलले. त्यात एकदा तरी तिनं विचारलं का, की पप्पा कसे आहेत? विचारलं असेल तर ते माझ्यापर्यंत का पोचलं नाही? आणि विचारलं नसेल, तर दहा पावलांवर बाप घरात बसलाय, त्याला हाक मारू या, असं या माणसाला एकदाही का वाटलं नाही? जिन्यात उभं राहून सांगितलेलं चालणार नाही. काकांनी माझ्या घरी यावं, बसावं आणि यातलं काय खरं ते मला सांगावं.